न मिटणारी पापणी

राजेश्वरीची डावी पापणी जन्मापासूनच खाली आलेली होती. समोरचं नीट बघायचं तर तिला हनुवटी वर करावी लागे, आणि त्यामुळं वरकुट्याच्या शाळेत पोरं तिला शिष्ट म्हणत. वडील आप्पासाहेब डाळिंबाच्या बागेत राबणारे, कमी बोलणारे. पोरीच्या डोळ्याविषयी घरात कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा न सांगितलेला नियम होता. तेवीस वर्षांची होईपर्यंत तीन ठिकाणांहून नकार आले. तिसरी मंडळी पोहे खाऊन गेली आणि रस्त्यावरच्या वळणावर पोचायच्या आत त्यांच्यातली एक बाई हसलेली ऐकू आली. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब तिला घेऊन बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथं आठवड्यातून दोन दिवस एक डॉक्टर मॅडम येत. त्या फक्त पापण्यांच्या आणि डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रिया करत. त्यांनी राजेश्वरीला वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं, पट्टीनं पापणी मोजली. पापणी उचलणारा स्नायूच दुबळा आहे, म्हणाल्या. उपाय होता. सिलिकॉनची एक बारीक दोरी कातडीखालून ओवून पापणी भुवईच्या स्नायूला बांधायची. भुवई उचलली की पापणी उचलली जाणार. आप्पासाहेबांनी लगेच होकाराची मान हलवली, पण डॉक्टर थांबल्या.

"एक गोष्ट आधीच सांगते," त्या राजेश्वरीकडं बघून म्हणाल्या. "अशी बांधलेली पापणी झोपेतही पुरती मिटत नाही. डोळा थोडा उघडा राहील. बाकीच्यांचं बुबुळ झोपेत वर सरकतं, तुझं फारसं सरकत नाही. म्हणजे ते उघड्यावर पडणार आणि कोरडं होणार. झोपताना डोळ्यात मलम घालायचं. दुपारी दहा मिनिटं पडलीस तरी घालायचं."

शस्त्रक्रिया झाली. सूज उतरल्यावर राजेश्वरीनं आरशात पाहिलं तेव्हा दोन्ही डोळे तिच्याकडं सारखेच बघत होते. ती बराच वेळ आरशासमोरून हलली नाही. त्याच दुपारी ती झोपली असताना आई चादर घालायला आली आणि दचकून मागं सरली. डावा डोळा करंगळीच्या नखाएवढा उघडा होता आणि बुबुळ सरळ तिच्यावर रोखलेलं होतं. आईनं दोनदा हाक मारली तरी पोर हलेना, तेव्हा कुठं तिला कळलं की ती झोपेत आहे.

"लगीन होईस्तवर ह्ये कुणाला सांगायचं न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. "आन् झाल्यावर बी न्हाय."

पण स्थळ पक्कं झालं तेव्हा राजेश्वरीनं नवऱ्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो संदेश, माळेगाव बुद्रुकचा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. तो म्हणाला की त्याला काही अडचण नाही, फक्त त्याच्या आईला हे कळू नये. आई लगेच देवऋषाकडं जाईल. राजेश्वरीला तेवढं पुरेसं वाटलं.

सासरचं घर उसाच्या रानात होतं. सासू शकुबाई, थोरला दीर विजयसिंह आणि त्याची बायको रतन, एवढी माणसं. रतन अंगणवाडीत जायची ती चारनंतर यायची. शेती सगळी विजयसिंह बघायचा. आवाज न चढवणारा, पांढरे कपडे घालणारा माणूस. शकुबाईचं त्याच्याशिवाय पान हलत नसे. आणि सोप्यात एका खाटेवर प्रयागबाई असायची, शकुबाईची नणंद, म्हणजे ह्या दोघा भावांची आत्या. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. भावानं, म्हणजे राजेश्वरीच्या सासऱ्यांनी, जिवंतपणीच कालव्याकडेची सव्वादोन एकर तिच्या नावावर करून दिली होती. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला लागली, पण जीभ शाबूत होती. आपल्या माघारी जमीन आपल्या लेकीची, इंदापूरच्या सारजाची, हे ती येईल त्याला सांगायची. विजयसिंह ऐकून हसायचा.

राजेश्वरीचं आणि तिचं जमलं. दुपारी सासू आतल्या खोलीत लवंडली की राजेश्वरी सोप्यात आत्याच्या खाटेजवळ चटई टाकून बसायची. आत्या तिला माळेगावात कारखाना झाला त्या वेळच्या गोष्टी सांगायची, कुणाचा बैल कुठल्या मोळीखाली सापडून मेला ते सांगायची.

दिवाळीनंतर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या आणि संदेशच्या पाळ्या बदलू लागल्या. त्याच सुमाराला विजयसिंह दुपारी तीन वाजता रानातून घरी यायला लागला. हातपाय धुवून तो स्वतः चहा टाकायचा आणि आत्याचा स्टीलचा ग्लास तिच्या हातात आणून द्यायचा. घरातल्या थोरल्या पुरुषानं चहा करावा ह्याचं शकुबाईला फार कौतुक वाटलं. तिनं ते शेजारीपाजारी सांगितलं.

आत्याला एवढा चहा जायचा नाही. तो पाठमोरा झाला की ती अर्धा बशीत ओतून राजेश्वरीला द्यायची. राजेश्वरी नको म्हणायची आणि प्यायची.

त्या दिवसांत तिला दुपारी झोप येऊ लागली. साधी डुलकी नाही. बोलता बोलता जीभ जड व्हायची आणि ती चटईवर कलंडायची, ते पाच-सहा वाजता रतननं हलवल्यावर उठायची. डोकं भरून आलेलं असायचं. झोपण्याआधी मलम घालायची शुद्धही राहायची नाही. शकुबाईनं हे बघितलं आणि गालातल्या गालात हसली. दिवस राहिले असतील असं तिला वाटलं. तिनं लिंबाचं लोणचं काढून ठेवलं. संदेशनं तपासणीची पट्टी आणली, तर तसं काही नव्हतं. मग शकुबाईचं हसू मावळलं आणि सून आळशी आहे हे ती ऐकू जाईल असं बोलू लागली.

आत्याचंही तसंच. ती जास्त वेळ झोपायची, जागी असली तरी वाक्य अर्धं टाकायची. वयच झालं आता, असं सगळे म्हणाले.

डिसेंबरातल्या एका दुपारनंतर विजयसिंह बदलला. तो राजेश्वरीशी मोजकंच बोलायचा, पण आता ती जिथं असेल तिथं तो येऊन थांबायचा. ती भांडी घासत असली की मोरीच्या दारात, वाळवण काढत असली की गच्चीच्या जिन्यात. काही बोलायचा नाही. तिच्या डोळ्याकडं बघायचा. चार दिवसांनी ती गोठ्यात शेण काढत असताना तो दावणीपाशी येऊन उभा राहिला. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मंगळवारी दुपारी तू सोप्यात पडली होतीस," तो म्हणाला.

राजेश्वरीला वाटलं, सासूनं सांगितलं असणार, आता झोपेवरून बोलणी बसणार. तिनं मान खाली घातली.

"डोळा उघडा होता तुझा. जागी होतीस?"

नाही म्हणावं तर डोळ्याचं सगळं सांगावं लागणार, दोरीचं, ऑपरेशनचं, वडिलांनी लपवलेलं. तिनं सुचलं ते उत्तर दिलं.

"हो दादा. जागीच होते."

विजयसिंहानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"मग कुणाला काय बोलली न्हाईस त्ये बरं केलंस," तो म्हणाला. "अशीच ऱ्हा. नवीन हायेस. घरात नवीन माणसानं लई बघू नये."

तो गेला. राजेश्वरी हातातलं घमेलं तसंच धरून उभी राहिली. आपण काय बघितलं असं त्याला वाटतंय, ते तिला कळेना. पण तो रागावलेला नव्हता, तो घाबरलेला होता, एवढं तिला कळलं. आणि तेच तिला भिववून गेलं.

त्या आठवड्यात डोळा लाल झाला. आधी खुपायचं, मग पाणी वाहू लागलं, मग उजेड सहन होईना. संदेश पाळी संपवून आला तसा तिला बारामतीला घेऊन गेला. डॉक्टर मॅडमनी डोळ्यात थेंब टाकून यंत्रातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बुबुळाचा खालचा भाग वाळून तिथं जखम झाली होती.

"मलम घालतेस का नाही?"

रात्री घालते, ती म्हणाली. दुपारी कधी कधी तशीच झोप लागते.

"किती वेळ?"

"दोन तास. कधी तीन."

डॉक्टरांनी यंत्र बाजूला सारलं. "हे बघ, उघडं बुबुळ कोरडं पडायला लागलं की आग होते. अर्ध्या तासात माणूस चोळत उठतं. तू तीन तास उठत नाहीस, म्हणजे तुला ती आग कळतच नाही. झोपेच्या गोळ्या घेतेस का? खरं सांग."

"नाही."

"मग कुणीतरी देतंय," डॉक्टर म्हणाल्या. रागावून म्हणाल्या, विचार करून नव्हे. पण वाक्य निघून गेलं होतं. संदेशनं बायकोकडं बघितलं. राजेश्वरी जमिनीकडं बघत होती. तिला स्टीलचा ग्लास दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं आत्याच्या कानात सांगितलं आणि तीन वाजता विजयसिंह चहा देऊन गेल्यावर तो ग्लास मोरीत ओतला. आत्या त्या दुपारी झोपली नाही. संध्याकाळपर्यंत ती खाटेवर टक्क जागी होती. पुढंही रोज चहा मोरीतच गेला, विजयसिंहाची चाहूल लागली की आत्या डोळे मिटून घ्यायची, आणि हळूहळू तिचं बोलणं सुधारत गेलं. पाचव्या दिवशी तिनं राजेश्वरीला जवळ बसवलं.

"मला वाटलं सपान हाय," ती म्हणाली. "विजूनं माजा हात धरला हुता. दौतीच्या पॅडवर अंगठा दाबला, मंग कागदावर. मला बोलायचं हुतं, पर त्वांड उघडंना. उठल्यावर अंगठा निळा. म्या पदराला पुसला. म्हातारीला भास हुत्यात म्हणत्याल, म्हणून गप ऱ्हायले."

"कोणता वार होता आत्या?"

"बाजाराच्या आदल्या दिशी."

माळेगावचा बाजार बुधवारी भरायचा. म्हणजे मंगळवार. आपण खाटेजवळ पडलो होतो, आपला डोळा उघडा होता, आणि तो वळल्यावर त्याला ते बुबुळ दिसलं होतं. तिनं गोठ्यात हो म्हटलं होतं. आता ती त्याच्या लेखी साक्षीदार होती.

जमीन विकायची तर आत्याला कचेरीत न्यावं लागलं असतं, तिथं फोटो निघतो, साहेब विचारतो. घरात बसून अंगठा घेतलेला कागद एकाच गोष्टीला चालतो, हे राजेश्वरीला माहीत होतं. तिच्या चुलत्यांच्यात असं झालं होतं. ते मृत्युपत्र असणार, आणि ते माणूस गेल्यावरच कामाला येतं. आणि अंगठा मिळाल्यावरही चहा थांबलेला नव्हता.

तिनं संदेशला सांगितलं. तो चिडला. दादानं त्याला शिकवलं होतं, वडील गेल्यावर दादानंच घर धरलं होतं. आत्याला भास होतात आणि तुला डोळ्याच्या दुखण्यानं काहीही सुचतंय, असं तो म्हणाला. ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, उद्या तुझी पाळी बाराला सुटते. तीन वाजता तू सोप्यात ये आणि आत्याचा चहा तूच पी.

तो आला. विजयसिंह ग्लास ठेवून अंगणात गेल्यावर त्यानं आत्याच्या हातातून ग्लास घेतला आणि राजेश्वरीकडं बघत सगळा चहा प्यायला. मग खुर्चीत बसून मोबाइल चाळू लागला. वीस मिनिटांनी मोबाइल त्याच्या हातून खाली पडला. त्यानं तो उचलला नाही. त्याची मान एका बाजूला गेली आणि तोंड उघडं पडलं. राजेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. आत्या खाटेवर जागी होती.

चारच्या आधी विजयसिंह दारात आला. त्याला वाटलं होतं तशी आत्या झोपलेली नव्हती. झोपला होता भाऊ. त्यानं भावाकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, राजेश्वरीकडं पाहिलं. मग आत येऊन त्यानं रिकामा ग्लास उचलला, मोरीवर नेला, राखेनं घासला, तीन पाण्यांनी धुतला आणि फळीवर पालथा घातला. जाताना त्यानं संदेशची कलंडलेली मान हातानं सरळ केली, डोक्याखाली उशी दिली.

संदेश साडेसहाला उठला. उभा राहायला गेला आणि गुडघ्यावर आला. तोंड धुवून आल्यावर त्यानं बायकोला एवढंच विचारलं की दादा आला होता का. ती म्हणाली, आला होता. त्यानंतर तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला आणि जेवायलाही आत आला नाही.

सकाळी त्या दोघांनी आत्याचे कपडे गाठोड्यात बांधले आणि शकुबाईला सांगितलं की राजेश्वरीचा डोळा दाखवायला बारामतीला जातोय आणि आत्याच्या मोतीबिंदूचंही बघून येतो. रिक्षाला फोन लावायच्या आत विजयसिंहानं गाडी दारात आणून लावली होती.

"मी सोडतो की," तो म्हणाला. "आत्याला रिक्षात हादरं बसत्याल."

नाही म्हणायला कुणाकडं कारण नव्हतं. त्यानंच आत्याला दोन्ही हातांवर उचलून मागच्या सीटवर ठेवलं, पाय नीट केले. राजेश्वरी तिच्याशेजारी बसली, डोळ्यावर पट्टी होती. संदेश पुढं. पहिली काही मिनिटं विजयसिंह ऊसतोडीचं बोलत राहिला. टोळी उशिरा आली, वजन घटणार. मग कालव्याच्या पुलापाशी त्यानं गाडी रस्ता सोडून भरावावर घेतली आणि इंजिन बंद केलं. पाणी पुढच्या काचेच्या अगदी खाली दिसत होतं. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन सुरू होतं, कालवा काठोकाठ भरून वाहत होता.

संदेशचा हात दाराच्या कडीवर गेला. विजयसिंहानं स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"आत्या," तो आरशात बघत म्हणाला, "तू सारजाकडं चाललीयास ना?"

राजेश्वरीनं आत्याचा हात घट्ट धरला. आत्यानं तिच्याकडं बघितलंही नाही.

"व्हय," ती म्हणाली.

"हितं काय कमी पडलं तुला?"

"विजू, तुला म्या अंगावर घिऊन झोपवलंय. आता मला जागं ऱ्हायचं हाय. गाडी चालीव."

तो बसून राहिला. मागून उसाची एक ट्रॉली पुलावर चढली, गाडीला घासेल एवढ्या जवळून गेली, तिची धूळ काचेवर बसली. मग विजयसिंहानं चावी फिरवली, गाडी मागं घेतली आणि बारामतीला दवाखान्याच्या दाराशी आणून थांबवली. आत्याला उतरवून बाकावर बसवलं. तिच्या पाया पडला आणि निघून गेला.

तिथून दुसरी गाडी करून ते इंदापूरला गेले. सारजाला आधी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं आईचं गाठोडं बघितलं आणि काही न विचारता स्वतःची खाट रिकामी केली. पोलिसांत जायचं संदेश म्हणाला तेव्हा प्रयागबाईनं साफ नकार दिला. भावाच्या पोराला बेड्या घालायला आपण जगलो नाही, असं म्हणाली. पण महिन्याभरात ती चाकांच्या खुर्चीत बसून कचेरीत गेली आणि साहेबासमोर नवं मृत्युपत्र नोंदवून आली. त्यानंतर ती सव्वा वर्ष जगली. शेवटपर्यंत तिचं बोलणं स्पष्ट होतं.

ती गेल्यावर विजयसिंह दहाव्याला आला, सगळे विधी नीट केले, आणि तेराव्यानंतर तलाठ्याकडं आपला कागद घेऊन गेला. सारजानं नंतरचा नोंदवलेला कागद पुढं केल्यावर त्याचा फेटाळला गेला. तो तिथंही चिडला नाही म्हणे. कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांना नमस्कार करून गेला.

राजेश्वरीच्या बुबुळावरची जखम भरली, पण पांढरा ठिपका राहिला. त्या डोळ्यानं तिला धुक्यातून दिसल्यासारखं दिसतं. दुसऱ्यांदा असं झालं तर डोळा जाईल, डॉक्टर म्हणाल्या. तिनं स्वतःहून दोरी सैल करायला सांगितलं. आता पापणी पुन्हा थोडी खाली आलेली आहे, आणि झोपेत जवळजवळ मिटते. संदेशनं बारामतीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथून तो कारखान्यावर जातो.

शकुबाई त्यांच्यावर रुसलेली आहे. सुनेनं घर फोडलं असं ती सगळ्यांना सांगते, आणि तिला खरं काय ते सांगायला संदेशची जीभ रेटली नाही. संदेशच्या वडिलांच्या माघारी उरलेली सगळी जमीन शकुबाईच्याच नावावर आहे. संदेश दर रविवारी आईला भेटायला माळेगावला जातो.

गेल्या रविवारी तो दुपारी चारलाच परत आला. चप्पलही काढली नाही. राजेश्वरीनं विचारलं, तर म्हणाला की आई आतल्या खोलीत झोपली होती. त्यानं हाका मारल्या, खांदा धरून हलवलं, पण ती डोळे उघडून पुन्हा मिटत होती. दादा दारात उभा होता. म्हणाला, वय झालं तिचं, झोपू दे.

"आणि तू तिला सोडून आलास?"

"एकट्यानं उचलवंना," संदेश म्हणाला. "तुला न्यायला आलो."

राजेश्वरीनं गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं, आणि कोपऱ्यावरच्या जीपवाल्याला हाक मारली.